रोजनिशी कुणी वाचायची?

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी साकीनाक्याच्या गल्लीबोळांतून एक फेरी मारण्याची माझी जुनी खोड आहे. डोक्यावरून मेट्रो धडधडत जात असते, खाली अंधेरी-कुर्ला रस्त्यावर वाहनांची नेहमीची कोंडी असते, आणि खैरानी रोडच्या बाजूला छोटे कारखानदार व भंगारवाले आपापल्या गाळ्यांत पाट मांडून पूजेला बसलेले असतात. पूर्वी पाटावर लाल कापडी बांधणीची नवी चोपडी असे. पुढे तिच्या शेजारी संगणक येऊन बसला. गेल्या वर्षी एका गाळ्यात मात्र नुसता मोबाइलच पाटावर मांडलेला पाहिला. काचेला कुंकू लागू नये म्हणून मालकाने तो पालथा ठेवला होता आणि पाठीवर स्वस्तिक रेखले होते. मला ते दृश्य फार आवडले. चोपडी कागदाची की काचेची, याची त्या गृहस्थाला फिकीर नव्हती. या वर्षी लिहिलेले पुढच्या वर्षी वाचता आले पाहिजे, आणि आपण नसलो तर मुलाला वाचता आले पाहिजे, एवढे त्याला पक्के ठाऊक होते. साहित्यिकांना हे इतके स्पष्ट ठाऊक असते असे मला वाटत नाही.

त्याच दिवाळीत भाऊबिजेला ताई आली, बरोबर भाची होती. फराळ आटोपल्यावर भाची म्हणाली, “मामा, मला डायरी लिहायची आहे. कुठले ॲप घेऊ?” जन्मभर पुस्तकांवर बरेवाईट लिहिलेल्या माणसाला हा प्रश्न विचारणे म्हणजे पाककृतीच्या परीक्षकाला कुकर कुठला घेऊ असे विचारण्यासारखे आहे. परंतु प्रश्न मनात राहिला. गेल्या वर्षभरात मी चार ॲप वापरून पाहिली. त्यांच्याविषयी लिहावयाचे तर आधी रोजनिशी या वाङ्मयप्रकाराविषयीच थोडे लिहिले पाहिजे. कारण वहीचे गुणदोष वहीत काय लिहावयाचे आहे यावर ठरतात.

रोजनिशी या शब्दातील ‘निशी’ म्हणजे रात्र, अशी पुष्कळांची गोड समजूत असते. दिवसभराची कामे उरकून रात्री दिव्याच्या उजेडात लिहावयाची ती रोजनिशी! प्रत्यक्षात फडणीस, चिटणीस यांतील ‘नीस’ आणि हा ‘निशी’ एकाच फारसी घरातले. त्याचा अर्थ लिहिणे. म्हणजे हा शब्द मुळात कारकुनाचा आहे, कवीचा नाही. पेशव्यांच्या दफ्तरातील रोजनिशी पाहिली की याची खात्री पटते. कुणाला किती रक्कम दिली, कोणत्या गावाला सूट मिळाली, कुणाचा काय निवाडा झाला, याची ती दिवसवार नोंद. रावबहादूर गणेश चिमणाजी वाड यांनी त्यातले उतारे निवडले व विसाव्या शतकाच्या आरंभी ते खंडाखंडाने छापले गेले. त्यांवर न्यायमूर्ती रानडे यांनी जो निबंध लिहिला तो आजही वाचण्यासारखा आहे. रानड्यांना त्या रुक्ष नोंदींत लढायांपेक्षा मोलाचे काही दिसले: कर, कर्ज, नाणी, वेठ, दारूबंदी, लोकांच्या समजुती. नोंद करणाऱ्या कारकुनाला आपण समाजाचा इतिहास लिहीत आहोत याची कल्पना नव्हती. ती असती तर त्याने तो नक्कीच बिघडवला असता.

चांगल्या रोजनिशीचे मर्म मला इथेच दिसते. आत्मचरित्र लिहिणाऱ्याला शेवट ठाऊक असतो आणि त्या शेवटाच्या सोयीने तो आठवणी निवडतो. रोजनिशी लिहिणाऱ्याला उद्याचे काही ठाऊक नसते. म्हणून तो क्षुल्लक गोष्टी लिहून ठेवतो, आणि पुढे त्यांतलीच एखादी क्षुल्लक गोष्ट मोठी होऊन बसते. महादेवभाई देसाई १९१७ साली गांधीजींकडे आले आणि १५ ऑगस्ट १९४२ रोजी पुण्याच्या आगाखान महालात त्यांचे निधन झाले. त्या पंचवीस वर्षांत त्यांनी गुजरातीत जी डायरी लिहिली तिच्यात भेटी, पत्रे, संभाषणे, जेवणखाण हे सारे एका पंक्तीला बसते. तिचे खरे सौंदर्य त्या पंक्तीत आहे.

आमच्या घरचे उदाहरण देतो. वडील १९६४ साली साकीनाक्याला आले. साकीविहार रस्त्याच्या बाजूला तेव्हा कारखाने उभे राहत होते, त्यांतल्या एकात ते फिटर होते. दर वर्षी कुणीतरी फुकट दिलेली एक छोटी डायरी ते घरी आणीत आणि तिच्यात रोज दोन-तीन ओळी लिहीत. माझ्या जन्मदिवसाची नोंद अशी आहे: “मुलगा झाला. दुसरी पाळी. रात्री पाणी नव्हते.” तरुणपणी ही नोंद वाचून मी रुसलो होतो. वाटले, या माणसाला दोन ओळी आनंदाच्या लिहिता आल्या नाहीत? आज वाटते, त्या रात्री दुसरी पाळी करून आलेला माणूस, घरात बाळंतिणीची तयारी आणि नळाला पाणी नाही, हे सगळे त्या तीन वाक्यांत आहे. आनंद लिहिला असता तर तो चारचौघांसारखाच दिसला असता. पाणी नव्हते, हे मात्र फक्त आमच्या घरचे.

आता या नोंदीकडे ॲपच्या नजरेने पाहा. मी वापरलेल्या चारांपैकी तीन ॲप उघडताक्षणी विचारीत, “आज तुम्हाला कसे वाटते आहे?” आणि खाली पाच चेहरे ओळीने मांडीत. पहिला रडका, शेवटचा दात काढून हसणारा. वडिलांनी त्या रात्री यांतला कुठला चेहरा दाबला असता? एका ॲपने मला लागोपाठ नऊ दिवस विचारले, की आज तुम्ही कशाबद्दल कृतज्ञ आहात. नवव्या दिवशी मी लिहिले, की तू विचारणे थांबवलेस तर तुझ्याबद्दल. हे ॲप सलग किती दिवस लिहिले याचीही मोजणी ठेवते, आणि एक दिवस चुकला की मोजणी पुन्हा शून्यावर येते. व्रत मोडल्याची चुटपुट लावून माणसाकडून लिहवून घ्यावयाचे! पण चातुर्मासाचे व्रत करणाऱ्यांनाही उद्यापनाची सोय असते. या व्रताला उद्यापनच नाही. अशा धाकाने लिहिलेल्या पानांत मला एक गोष्ट सतत आढळली: माणूस दिवस लिहीत नाही, उत्तर लिहितो. शाळेतल्या निबंधासारखा त्याचा सूर होतो. रोजनिशीतला मोकळा, ओबडधोबड, मधेच तुटणारा सूर हरवला की तिच्यात वाचण्यासारखे फार थोडे उरते.

याउलट काही गोष्टींचे श्रेय दिलेच पाहिजे. ‘याच दिवशी, गेल्या वर्षी’ असे म्हणून जुने पान आपण होऊन समोर आणून ठेवणे ही वहीला न साधणारी गोष्ट आहे. वहीचा गठ्ठा माळ्यावर जातो आणि वर्षानुवर्षे तिथेच राहतो. शोधण्याची सोयही तशीच. ‘पाणी’ एवढा शब्द टाकला की चाळीस वर्षांतले पाणी एका जागी जमा! वडिलांच्या डायऱ्यांत मला हे करता आले असते तर साकीनाक्याच्या नळांचा इतिहास लिहिता आला असता. ठिकाण आणि हवामान मात्र ॲप आपले आपणच टिपते: ‘साकीनाका, २९ अंश, ढगाळ’. यात चूक काही नाही, पण हे कुणीच पाहिलेले नसते. वडील लिहीत, “आभाळ भरून आले, पडला नाही.” त्या ‘पडला नाही’मध्ये खिडकीशी उभा असलेला एक माणूस आहे.

पण खरे श्रेय वेगळ्याच गोष्टीला द्यावयास हवे, आणि ते पुरुष समीक्षकांच्या सहसा लक्षात येत नाही. आमच्या खोलीत आम्ही सहाजण राहत होतो. कुलूप लागणारा एकच खण होता, आणि त्यात दागिने व रेशनकार्ड असे. अशा घरात मुलीने किंवा सुनेने रोजनिशी लिहावयाची कुठे आणि ठेवावयाची कुठे? गादीखाली? पिठाच्या डब्यात? एकांतातील स्त्रीच्या रोजनिशा मराठीत इतक्या थोड्या का, याचे उत्तर साहित्याच्या इतिहासात शोधण्याऐवजी आपल्या खोल्यांच्या क्षेत्रफळात शोधावे असे मला वाटते. आज दहा बाय बाराच्या खोलीतल्या मुलीच्या हातातील फोन हा तिचा पहिला कुलूपबंद खण आहे. बोटाच्या ठशावाचून तो उघडत नाही. वहीच्या प्रेमिकांनी कागदाच्या वासाचे गोडवे गाण्यापूर्वी या खणाचा विचार करावा.

कुलूप म्हटले की किल्ली आली. इंग्लंडातला सॅम्युअल पेप्स हा आरमारी कचेरीतला अधिकारी. त्याने १६६० ते १६६९ अशी साडेनऊ वर्षे रोजनिशी लिहिली, ती शेल्टन नावाच्या माणसाच्या लघुलिपीत. बायकोला कळू नयेत अशा गोष्टी तिच्यात पुष्कळ होत्या. मरताना त्याने आपले तीन हजारांच्या आसपासचे ग्रंथ, रोजनिशीच्या सहा खंडांसह, केंब्रिजच्या मॉडलिन कॉलेजला मिळतील अशी व्यवस्था केली. शंभर-सव्वाशे वर्षे ती कुणाला वाचता आली नाही. १८१९ साली जॉन स्मिथ नावाचा एक गरीब विद्यार्थी ती उलगडायला बसला, आणि सुमारे तीन वर्षे डोळे फोडून त्याने ती लिपी सोडवली. त्याला एक गोष्ट कुणी सांगितली नव्हती: शेल्टनचे लघुलिपीचे पुस्तक पेप्सच्या त्याच ग्रंथसंग्रहात ठेवलेले होते. पेप्सने कुलूप घातले होते आणि किल्लीही जवळच टांगली होती. आजच्या चांगल्या ॲपमध्ये कुलूप पेप्सपेक्षा कितीतरी भक्कम असते. मजकूर अशा रीतीने कूटबद्ध होतो की खुद्द कंपनीलाही तो उघडता येत नाही. हा गुण आहे, आणि हाच धोकाही. कारण किल्ली हरवली तर कितीही गरीब, कितीही हुशार विद्यार्थी आला तरी तीन वर्षांत, किंवा तीस वर्षांतही, त्याला ती उघडता यावयाची नाही.

कागद टिकतो, असे म्हणणाऱ्यांशीही माझे भांडण आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. मिठी नदी विहार आणि पवईच्या तलावांकडून येते, मरोळ-साकीनाक्यावरून कुर्ल्याकडे जाते; एरवी तिला नदी म्हणायला लोक कचरतात. त्या दिवशी तिने आपण नदी असल्याचे सगळ्यांना सांगितले. आमच्या तळमजल्याच्या खोलीत छातीइतके पाणी होते. साकीनाक्याच्या डोंगरउतारावर दरड कोसळून माणसे गाडली गेली. त्या मानाने आमचे नुकसान ते काय? वडील १९९९ सालीच गेले होते. त्यांच्या डायऱ्या पलंगाखालच्या ट्रंकेत होत्या. पाणी ओसरल्यावर ट्रंक उघडली तर शाईच्या पेनाने लिहिलेली सुरुवातीची वर्षे नुसती फिकट निळी पाने झाली होती. बॉलपेनची आणि पेन्सिलीची वर्षे सुकवल्यावर वाचता आली. माझ्या जन्माची नोंद वाचली ती पेन्सिलीमुळे. त्या दिवशी बहुधा पेनातली शाई संपली असावी.

पुण्याच्या लोकांनी हे १९६१ साली पानशेतच्या पुरात पाहिले आहे. मंत्रालयाला २१ जून २०१२ रोजी लागलेल्या आगीत किती फायली गेल्या ते सर्वांना आठवत असेल. तेव्हा कागद अमर आहे आणि यंत्र क्षणभंगुर, ही सोपी वाटणी मला मान्य नाही. फरक आहे तो नष्ट होण्याच्या रीतीत. कागद अर्धवट मरतो. त्याचा कोपरा कुरतडला जातो, शाई उडते, पण उरलेले वाचता येते. रद्दीत गेलेले पानसुद्धा भेळेच्या पुडीवर का होईना, कुणाच्या तरी नजरेला पडते. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून जुनी दफ्तरे मिळवीत, ती असल्याच अर्धमेल्या अवस्थेतली. खैरानी रोडच्या गोदामात मात्र जुन्या संगणकाची तबकडी फोडून तांबे एकीकडे, ॲल्युमिनियम दुसरीकडे असा ढीग होतो, तेव्हा तिच्यातल्या मजकुराचे टरफलही उरत नाही.

आता ताईची गोष्ट. ती अंधेरीला एका छपाईच्या दुकानात अक्षरजुळणीचे काम करी. वडिलांच्या आजारपणाची शेवटची आठ महिने, १९९८-९९ मध्ये, ती दुकान बंद झाल्यावर तिथल्याच संगणकावर रोज थोडे लिहीत असे. घरी लिहायला जागा नव्हती हे वर आलेच आहे. लिहिलेले तिने पाच फ्लॉपींवर उतरवून घेतले. त्या फ्लॉपी माळ्यावर होत्या म्हणून पुरातून वाचल्या. भाचीच्या प्रश्नामुळे ताईला त्यांची आठवण झाली. आम्ही फ्लॉपी वाचणारे जुने यंत्र मिळवले. पाचांपैकी तीन उघडल्या. फाइल उघडली आणि पडद्यावर आली ती इंग्रजी अक्षरांची, कंसांची आणि स्वल्पविरामांची रांगोळी. मराठीचा एक शब्द नाही.

हे का होते ते वाचकांनी समजून घेण्यासारखे आहे, कारण पुष्कळ घरांत अशी रांगोळी पडून असेल. त्या काळी संगणकात अक्षरांसाठी मोजून २५६ घरे असत, आणि ती रोमन लिपीच्या हिशेबाने वाटलेली होती. श्रीलिपी, आकृती, शिवाजी, किरण अशा अनेक नावांचे फॉन्ट तेव्हा वापरात आले. त्यांतल्या बहुतेकांनी युक्ती केली: रोमन अक्षरांच्या घरांत देवनागरीचे तुकडे बसवले. कुणी ‘क’ या घरात ठेवला, कुणी त्या. सरकारने १९९१ साली ‘इस्की’ हे प्रमाण ठरवले होते; परंतु बाजार प्रमाणाला विचारीत नाही. त्यामुळे फाइलीत मराठी कधी नव्हतेच. होते ते घरांचे क्रमांक. मराठी होते फॉन्टमध्ये. फॉन्ट गेला की मराठी गेली. युनिकोडने देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला जगभर एकच स्वतंत्र क्रमांक दिला आणि हा घोळ मिटला. तोही एका दमात नव्हे. आपला ‘ॲ’ त्यात आला तो २००८ साली.

एका परिचितांनी त्या फॉन्टचे कोष्टक मिळवून मजकूर युनिकोडमध्ये आणून दिला. तोही सहजासहजी नाही. जुने फॉन्ट अक्षरे दिसतात त्या क्रमाने ठेवीत, म्हणजे ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी. युनिकोडला ती नंतर हवी. पहिल्या खेपेला सगळ्या वेलांट्या शेजारच्या घरी गेल्या होत्या, आणि रफार भलत्यांच्या डोक्यावर बसले होते. हळूहळू ते दुरुस्त झाले. आणि मग एकविसाव्या पानावर हे वाक्य आले: “आज बाबांनी मला जवळ बोलावले आणि म्हणाले की”. पुढे काही नाही. फ्लॉपीवर मजकूर ५१२ अक्षरघरांच्या तुकड्यांत साठवलेला असतो, आणि त्यातला तो एक तुकडा खराब झालेला होता. पाच-सहा ओळी. त्यानंतर मजकूर पुन्हा सुरू होतो तो पेजेवर आणि औषधाच्या वेळांवर.

मी ताईकडे पाहिले. म्हटले, काय म्हणाले होते बाबा? ती बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “नाही रे आठवत. लिहून ठेवले होते ना, म्हणून विसरले.”

यावर लिहिण्यासारखे माझ्याजवळ काही नाही. पुढे जातो.

लिपी नाहीशी झाल्याने लिखाण मुके होण्याचा अनुभव मराठी माणसाला नवा नाही. लेखणी फारशी न उचलता भराभर लिहिता यावे म्हणून आपण शतकानुशतके मोडी वापरली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती शाळांतून शिकवीत. मग छापखान्याच्या बाळबोधापुढे ती मागे पडली, आणि एका पिढीत आजोबांची पत्रे नातवाला परकी झाली. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले हजारो रुमाल जागच्या जागी आहेत. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यातून निवडक कागदांचे ४५ खंड काढले. बाकीचा मजकूर मोडी वाचणाऱ्याची वाट पाहत बसला आहे. मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली २०१४ साली. कागद जपले म्हणजे लिखाण जपले, ही समजूत इथे खोटी ठरते. वाचणारा जपावा लागतो.

आणि मूळ प्रतही. वरसईचे विष्णुभट गोडसे सत्तावन्नच्या धामधुमीतून हिंडून आले आणि पुढे चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून त्यांनी ती हकीकत लिहून काढली. वैद्यांनी ‘माझा प्रवास’ छापला १९०७ साली, तो भाषेत फेरफार करून आणि काही भाग गाळून. मूळ हस्तलिखित भारत इतिहास संशोधक मंडळात राहिले, म्हणून दत्तो वामन पोतदारांना १९६६ साली ते जसेच्या तसे प्रसिद्ध करता आले. आज आपण गोडसेभटजींचा स्वतःचा आवाज ऐकतो तो त्यामुळे. ॲपमधून काढलेली सुबक सजवलेली प्रत, म्हणजे पीडीएफ, पाहिली की मला वैद्यांची आवृत्ती आठवते. दिसायला देखणी, पण देवनागरीच्या बाबतीत तिच्यातून मजकूर परत उचलायला जावे तर जोडाक्षरे विस्कटतात. मूळ प्रत म्हणजे साधा मजकूर. तीही मागून घ्यावी.

तेव्हा भाचीला मी काय सांगितले? प्रथम हे, की कंपनीच्या प्रेमात पडू नकोस. रोज ईमेल पाठवून ‘आजचा दिवस कसा गेला’ असे विचारणारी ‘ओहलाइफ’ नावाची गोड सेवा २०१४ च्या ऑक्टोबरात बंद पडली. आपल्याकडच्या तरुणांनी ज्याच्यावर आयुष्यातली पहिली प्रेमपत्रे लिहिली ते ‘ऑर्कुट’ त्याच वर्षी ३० सप्टेंबरला मिटले. ‘एव्हरनोट’ची मालकी बदलली आणि डिसेंबर २०२३ पासून फुकट वापरणाऱ्याला पन्नासच टिपणांची मर्यादा आली. या प्रकारातले सर्वांत नावाजलेले ‘डे वन’ २०११ साली निघाले आणि २०२१ साली ‘ऑटोमॅटिक’ने विकत घेतले. हातबदल झाला म्हणजे वाईटच होते असे नाही, परंतु आपली रोजनिशी कुणाच्या घरी नांदते आहे ते ठाऊक असावे. ॲपलचे ‘जर्नल’ २०२३ च्या डिसेंबरात आले. ते नीटनेटके आहे, पण त्या एकाच कंपनीच्या यंत्रांवर चालते. सून आवडली तरी माहेर बदलता येत नाही, तसे.

‘डे वन’मधून मजकूर बाहेर काढता येतो, हा त्याचा मोठा गुण. एका प्रकारात तो कंसांच्या जंजाळात येतो, पण त्या जंजाळातही मराठी मराठीच राहते. ‘ऑब्सिडियन’सारखी काही साधने मुळातच प्रत्येक पान साध्या मजकुराची स्वतंत्र फाइल म्हणून आपल्याच यंत्रावर ठेवतात. दिसायला ती रुक्ष आहेत, चेहरे दाखवीत नाहीत, कृतज्ञता विचारीत नाहीत. मला तीच पसंत पडली. उद्या ते साधन गेले तरी फाइल दुसऱ्या कशातही उघडेल. माझी निवड करण्याची कसोटी थोडी विक्षिप्त होती. प्रत्येक ॲपमध्ये मी एकच वाक्य लिहिले: “आचाऱ्याला बोलावले तर आचार्याला राग आला.” मग तो मजकूर बाहेर काढून दुसऱ्या यंत्रावर उघडला. एका ठिकाणी दोघेही स्वयंपाकी झाले होते, एका ठिकाणी दोघांची जागा चौकोनांनी घेतली होती. ज्याला आचारी आणि आचार्य यांतला फरक कळत नाही त्याच्या हाती मराठी माणसाने आपले आयुष्य देऊ नये.

किल्लीचे काय? बँकेच्या खात्याला, सोसायटीच्या भागाला आपण नामनिर्देशन करतो. रोजनिशीला कुणी करीत नाही. गुगलने आपल्या पश्चात खाते कुणाच्या हाती द्यावे हे सांगून ठेवण्याची सोय २०१३ पासून ठेवली आहे, ॲपलने २०२१ पासून. आपल्याकडच्या २०२३ च्या वैयक्तिक माहितीविषयीच्या कायद्यातही नामनिर्देशनाचा हक्क आला आहे. दोन वर्षे न वापरलेले खाते गुगल पुसून टाकू शकते, हेही ध्यानात ठेवावे. आजारी माणसाची दोन वर्षे बघता बघता जातात. यावर भाचीने विचारले, “पण मामा, मला कुणीच वाचायला नको असेल तर?” हा प्रश्न मी विसरलोच होतो. तोही हक्क आहे. पेप्सला किल्ली टांगावीशी वाटली. एखाद्याला ती विहिरीत टाकावीशी वाटेल. फक्त ते ठरवून व्हावे, पासवर्ड विसरला म्हणून होऊ नये.

शेवटी तिने रुक्षातले रुक्ष साधन घेतले. दर लक्ष्मीपूजनाला वर्षभराचा मजकूर बाहेर काढावयाचा, दोन ठिकाणी ठेवावयाचा, आणि एकदा उघडून वाचून पाहावयाचा, असे तिच्याकडून कबूल करून घेतले आहे. त्यातली निवडक पाने चांगल्या कागदावर छापून घ्यावीत अशी माझी सूचना तिने हसण्यावारी नेली. ताईने मात्र स्वतःच्या त्या तीन फ्लॉपींतला सगळा मजकूर छापून आणला आहे. एकविसाव्या पानावर सहा ओळींची जागा तिने कोरी सोडायला लावली.

परवा गणपतीत भाची आली तेव्हा आरतीनंतर कोपऱ्यात बसून फोनवर काही लिहीत होती. ताईने विचारले, “काय लिहितेस एवढे? मला वाचायला मिळेल का?”

“मिळेल,” भाची म्हणाली, “पण आत्ता नाही.” आणि तिने फोन पालथा ठेवला.